धर्माजी तांडेलला मी चावलो त्याची गोष्ट

रेवसपासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या टोचणीतून सुटलेलं एक पोर दाखवा आणि काय हवं ते मागा! मी देवीडॉक्टर. म्हणजे डॉक्टर नव्हे हो, देवी टोचणारा सरकारी माणूस. पण लोकांच्या तोंडी 'डॉक्टर' बसलंय, आणि लोकांचं तोंड धरणारा मी कोण?

आया माझी पेटी पाहिली की पोरं लपवतात. कुणी रांजणात, कुणी जाळ्यांच्या ढिगाखाली, कुणी पालथ्या घातलेल्या होडीच्या पोटात! मी बरोबर हुडकून काढतो. दंडावर टोचतो आणि म्हणतो, "झालं! मुंगी चावते तेवढं!" पोर भोकाड पसरतं, आई मला शिव्या देते आणि मी पुढच्या घराकडे वळतो. सुईला माणूस राजी कसा करायचा, ही विद्या माझ्याइतकी अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात कुणाला येत नाही, असं मी त्या काळी छातीवर हात ठेवून सांगत असे.

मग चौतीस सालच्या पौषात धर्माजी तांडेलला कुत्रा चावला.

धर्माजी म्हणजे आमच्या कोळीवाड्यातला सगळ्यात दांडगा तांडेल. स्वतःचा मचवा, वादळातून तीन गलबतांची माणसं ओढून आणलेला, आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या बायका दचकून कालवणात मीठ दोनदा टाकतील! हा दुपारी वाळूत बसून जाळं विणत होता. मिठागराकडून एक लांडा कुत्रा लाळ गाळत, झोकांड्या खात आला. वाटेत त्यानं वाड्यातल्या विठोबाच्या म्हशीचा कान फाडला आणि मग धर्माजीच्या पोटरीत दात रोवले. धर्माजीनं वल्हं उचललं तसा तो तिवरांत घुसला तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

मी धावत गेलो. बघतो तर काळूराम भगतानं जखमेत मिरचीपूड भरून वर मंतरलेला दोरा बांधलेला! मी ती मिरची काढली, कार्बोलिक साबणानं जखम खसखसून धुतली आणि म्हणालो, "तांडेल, उद्याच्या आगबोटीनं मुंबईला. पोटात चौदा सुया घ्यायच्या, की मग चिंता नाही."

"सुया?" धर्माजी हसला. "मना? आरं, दर्यात मना मुशी चावली, तवा मी सुई घेतली न्हाय. ह्यो त साधा कुत्रा!"

"तो पिसाळलेला होता!"

"तुना त्यानं सांगतला काय?"

सगळा कोळीवाडा हसला. मला चेव चढला! मी तिथंच एका पालथ्या टोपलीवर उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. पिसाळलेल्या माणसाचं काय होतं, ते करूनच दाखवलं. "आधी त्याला पाण्याची भीती वाटते! लोटा पुढे केला की असा मागे सरकतो! तोंडाला असा फेस येतो! घशातून असा भुंकल्यासारखा आवाज निघतो! आणि शेवटी समोर दिसेल त्याला चावायला धावतो! एकदा तिथवर पोचला की ब्रह्मदेवही वाचवू शकत नाही!" मी भुंकलोसुद्धा. इतका छान भुंकलो की लांबून एका कुत्र्यानं उत्तर दिलं!

बायकांनी पदर तोंडाला लावले. धर्माजी मात्र जाळं विणायला लागला. "नाटक बेस केलंस," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी त्याची बायको कृष्णाबाई आमच्या दारात. मासळी बाजारात जिच्यासमोर व्यापारी भाव बोलायला चाचरतात, ती बाई पायरीवर बसून रडत होती!

"डागतर, माज्या बापाचा भाऊस असाच गेला. मी ल्हान होती, पन त्याचा आवाज अजून कानात हाय. काय पन कर, याला मुंबयला ने. तो भित्रा हाय रे! वादळाला भीत न्हाय, सुईला भितो. पन सांगल कसा?"

तेव्हा माझं हसणं-खिदळणं गळालं. बाई खरं सांगत होती, आणि आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

माझी बायको कमळ आतून म्हणाली, "अहो, त्याला 'तू चल' म्हणू नका. 'मला ने' म्हणा. पुरुषमाणूस स्वतःसाठी उठत नाही, पण दुसऱ्यावर उपकार करायला ताबडतोब उठतो!"

काय डोकं! मी लगेच योजना पक्की केली. डाव्या पोटरीला पट्टी बांधली, कमळच्या करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवून पट्टीवर शिंपडलं आणि लंगडत धर्माजीच्या दारात गेलो.

"तांडेल, घात झाला! कुत्रा शोधायला तिवरांत गेलो, तो मलाही चावला!"

धर्माजी ताडकन उठला. "तुना बी?"

"सुया घ्यायला जायला हवं. पण तुम्हाला ठाऊक आहे, मी पालीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे देवळापुढचं तळं. दर्याची मला धास्ती वाटते. एकटा जाईन तर वाटेतच जीव जाईल! सोबत येता का?"

धर्माजीचा चेहरा लोण्यासारखा वितळला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा अजून दुखतो. "भिऊ नको. मी हाय ना! मी तुना नेतो, सुया टोचून घेतो तुज्या पोटात, आनि परत आनतो. काय?"

त्याच्या पाठीमागे कृष्णाबाई डोळे पुसता पुसता हसू दाबत होती. मुंबईला पोचलो की डॉक्टरांच्या खोलीत धर्माजीला पुढे ढकलायचं, एवढंच बाकी राहिलं! आहे की नाही माणूस राजी करायची विद्या?

सकाळी रेवसच्या धक्क्यावर कमळनं मला निरोप देताना एक पुडी आणि अर्धं लिंबू दिलं. "खायचा सोडा आहे. मळमळलं की सोडा तोंडात टाका आणि वर लिंबू चोखा." बायको असावी तर अशी!

आगबोट सुटली. खाडी होती तोवर मी ऐटीत होतो. बाजूच्या पागोटंवाल्या व्यापाऱ्याला देवीच्या लसीचे फायदे समजावत होतो. मग आगबोट उघड्या दर्यात शिरली आणि माझं पोट लसीचे फायदे विसरलं.

बोट वर गेली की पोट खाली! बोट खाली आली की पोट गळ्यात! मी कठडा घट्ट धरला. धर्माजी लोटा घेऊन आला.

"डागतर, पानी पी जरा."

पाणी! नुसता शब्द ऐकून आतड्यांनी उलटी गाठ मारली. मी दोन्ही हातांनी लोटा ढकलला. "नको! पाणी नको!"

धर्माजी थबकला. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. इतक्यात एक लाट बोटीवर आपटली, तुषार थेट माझ्या तोंडावर आले आणि मी किंचाळून मागे उडी मारली ती व्यापाऱ्याच्या मांडीवर!

"पान्याला भितोय," धर्माजी पुटपुटला.

मला त्या वेळी काही कळत नव्हतं. मला आठवली ती कमळची पुडी! सगळा सोडा तोंडात ओतला आणि लिंबू पिळलं.

वाचकहो, हा प्रयोग घरी करू नका. तोंडात एखादा धबधबा सुटल्यासारखा फेस उसळला! ओठांवरून, हनुवटीवरून, मिशांतून! मी बोलायला गेलो, 'काही नाही, सोडा आहे' असं, पण बाहेर आलं ते "भॉफ्! भॉफ्!"

"भुंकला!" एक म्हातारी ओरडली.

"काय झालंय याला?" व्यापाऱ्यानं पागोटं सावरत विचारलं.

"कुत्रा चावलाय," धर्माजी रडवेल्या आवाजात म्हणाला. "पिसाळलेला. काल यानंच मना सगला सांगतला. पानी, फेस, भुकना... सगला तसाच! आरं देवा, एका रात्रीत चढला इष!"

पुढची हकिगत सांगायला लाज वाटते. व्यापारी टपावर चढला. म्हातारी कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपली. खलाशांनी मला घेरलं. आणि धर्माजीनं, ज्याच्या गाठी वादळात सुटत नाहीत त्या धर्माजीनं, डोळ्यांतून पाणी गाळत मला नांगराच्या दोरानं खांबाला बांधलं!

"तांडेल, सोडा मला!" फेस थुंकून मी ओरडलो. "मला कुत्रा चावलाच नाही! मी खोटं बोललो! तुम्हाला न्यायचं म्हणून!"

"व्हय रं बाबा, व्हय," तो मला लहान पोरासारखं थोपटत म्हणाला. "डोक्यात गेलाय याच्या."

"पट्टी बघा! कुंकू आहे ते!"

"रगताला कुंकू म्हनतोय," टपावरून व्यापारी म्हणाला. "संपलं!"

मग बोट गचके खायला लागली. माझे दात एकमेकांवर आपटू लागले. धर्माजीला वाटलं, मी जीभ चावून घेणार. त्या भल्या माणसानं क्षणाचाही विचार न करता आपला अंगठा माझ्या दातांमध्ये घातला! "जीभ सांबाल, डागतर!" आणि नेमकी त्याच वेळी बोट एका लाटेवरून धाडकन खाली आली.

कट्!

धर्माजीनं अंगठा बाहेर काढला. त्यातून रक्त ठिबकत होतं. त्यानं अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं. ज्याला कुत्र्याचा चावा मुंगीएवढाही वाटत नव्हता, त्या तांडेलचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला.

"चावला! डागतर मना चावला!"

"कुत्र्यापेक्षा माणसाचं वीख जबर!" खुराड्यामागून म्हातारीनं निकाल दिला. हे शास्त्र तिनं कुठून आणलं कोण जाणे, पण धर्माजीला ते लगेच पटलं.

"सारंग!" तो बोटीच्या कप्तानावर गरजला. "कोलसा टाक! अजून टाक! दोन मानसांचा जीव हाय!"

आगबोट आयुष्यात इतकी जोरात कधी धावली नसेल. भाऊच्या धक्क्याला लागताच धर्माजीनं मला दोरासकट खांद्यावर टाकलं आणि "बाजूला व्हा! पिसाळलेला हाय!" अशी आरोळी ठोकत तो निघाला. मुंबईच्या गर्दीत इतकी रुंद वाट लाटसाहेबालासुद्धा कुणी दिली नसेल! व्हिक्टोरियावाल्यानं मला पाहून आधी घोडा वळवला, पण धर्माजीनं चाकच धरलं.

इस्पितळात एक वयस्कर डॉक्टर होते, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले. त्यांनी धर्माजीला बाहेर बाकावर बसवलं, मला पडद्याआड नेलं आणि दोर सोडायला सांगितलं. दोर सुटेना. कापावा लागला.

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. डॉक्टरांनी पट्टी उकलली, कुंकवाचा वास घेतला आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग एकदम गंभीर झाले.

"म्हणजे कुत्रा चावला तो बाहेर बसलाय त्याला?"

"हो."

"आणि तो सुया घ्यायला तयार आहे, कारण तुम्ही त्याला चावलात?"

"हो."

"मग आता मी बाहेर जाऊन सांगितलं की तुम्ही ठणठणीत आहात, तर काय होईल?"

काय होईल? धर्माजी अंगठा पुसेल, खदखदून हसेल आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जाईल. आणि मग एक दिवस, पंधरवड्यानं म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा, कृष्णाबाईच्या कानात तो जुना आवाज पुन्हा येईल.

पडद्याच्या फटीतून मला बाक दिसत होता. धर्माजी अंगठा मुठीत धरून बसला होता. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. मी कान दिला.

"आई एकवीरे, माजा काय व्हायचा तो होवदे. पन डागतरला वाचव. गरीब हाय बिचारा. पोरांना टोचतो, पन मानूस वाईट न्हाय."

मी पडद्याची फट बुजवली.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "मलाही टोचा."

"लस अशी वाया घालवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि धडधाकट माणसाला ती द्यायचीही नसते. तुम्हाला मिठाचं पाणी टोचतो. औषधी, उकळलेलं. अपाय काही नाही." मग त्यांनी सुई वर धरली. माझ्या टोचणीची ती आजी शोभली असती! "सुई मात्र तीच. आणि शेवटपर्यंत यावं लागेल. तुम्ही एक दिवस चुकलात, तर तोही चुकेल."

धर्माजीला आत बोलावलं. "वेळेवर आणलंत, याचा झटका उतरलाय, पण सुया दोघांनाही पुऱ्या घ्याव्या लागतील," डॉक्टर त्याला म्हणाले. तो दारातच अडला. सुई पाहिली आणि त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरली. वादळवारा अंगावर घेणारा माणूस हो! म्हणाला, "आधी डागतरला."

मी शर्ट वर केला. मनातल्या मनात म्हटलं, मुंगी चावते तेवढं.

मुंगी? अहो, ती मुंगी नव्हे, सुसर होती! माझी किंकाळी ऐकून बाहेरच्या रांगेतली दोन माणसं घरी निघून गेली, असं नर्सबाई नंतर सांगत होती. धर्माजीनं माझा हात धरला. "ओरड, बाबा, ओरड. लाजू नको." मग माझी पाळी संपली, त्याची आली. त्यानं डोळे घट्ट मिटले, माझा हात दाबला आणि तोंडातून 'हूं' की 'चूं' काढलं नाही. माझी बोटं मात्र मोजून घ्यावी लागली!

मुक्काम माझगावच्या कोळीवाड्यात, धर्माजीच्या मावसबहिणीकडे. रोज सकाळी आम्ही दोघं इस्पितळात चालत जायचो. माझ्या पोटावर भोकं पडून चाळण झाली होती, आणि त्या चाळणीतून रोज खारं पाणी आत! एके सकाळी माझा धीर सुटला. म्हटलं, "तांडेल, आज तुम्ही एकटेच जा. मला बरं वाटतंय."

"वेडा हायस काय?" धर्माजी ओरडला. "अर्ध्यावर सोडलास, त पुन्ना भुकशील! तू न्हाय, त मी बी न्हाय!"

मी मुकाट्यानं चपला घातल्या. डॉक्टर माणसं ओळखून होते.

शेवटच्या सुईनंतर धर्माजीनं मला रस्त्यावरच मिठी मारली. "वाचलास, डागतर! मी नसतो त तू त्या आगबोटीतच मेला असतास!"

"खरंय, तांडेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परत आलो तर रेवसच्या धक्क्यावर ताशा! अख्खा कोळीवाडा आमच्या स्वागताला! आमच्या म्हणजे धर्माजीच्या. पिसाळलेल्या देवीडॉक्टरला एकट्यानं बांधून मुंबईला नेऊन बरा करून आणणारा वीर! कृष्णाबाईनं त्याला ओवाळलं. मग माझ्यासमोर आली. त्या गर्दीत ती एकटीच खरं जाणत होती. माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून गर्दीत गेली. ताशा थांबल्यावरही मला बराच वेळ नीट दिसत नव्हतं.

कमळला मी घरी सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली. मग आमच्या पोरींना उचलून म्हणाली, "तरी पण आठवडाभर आम्ही माजघरात झोपतो. सहजच!"

आणि त्याच आठवड्यात विठोबाची म्हैस पिसाळली. दावं तोडून भिंतींना धडका देत फिरली आणि तिसऱ्या दिवशी मेली. तोच कुत्रा, तोच चावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी माझ्या दारात आला. हातात भलामोठा घोळ मासा, मागे त्याच्या मचव्यावरचा खलाशी चंदर. धर्माजीनं मासा पायरीवर ठेवला आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"डागतर, तो कुत्रा खरंच पिसाळलेला व्हता."

"हो, तांडेल."

"मना चावला व्हता. तुजा चावा पडला नसता, त मी सुई घेतली नसती." त्यानं विठोबाच्या गोठ्याकडे हात केला. "त्या म्हशीवानी गेलो असतो. तू मना चावलास ता देवानंच केला!"

सगळं खरं सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं. पण तेवढ्यात धर्माजीनं चंदरला मानगूट धरून पुढे ओढलं.

"याला बी त्याच दिसी, माज्या आधी, मिठागरावर चावला व्हता! लपवून ठेवला भडव्यानं, सुईच्या भ्यानं! काल म्हैस मेली तवा रडत आला. टेम गेला न्हाय ना, डागतर?"

मी चंदरची पोटरी पाहिली. दातांचे व्रण स्पष्ट होते. "आजच निघायला हवं! आत्ताच्या आता! उशीर झालाय, पण अजून लक्षणं नाहीत, म्हणजे आशा आहे! चंदर, घेशील ना सुया?"

"घेतो," चंदर म्हणाला. "तांडेलनं सांगतला, कशा घ्यायच्या त्या."

"शाब्बास! कशा?"

"आधी डागतरच्या पोटात. मग माज्या."

मी धर्माजीकडे पाहिलं. धर्माजीनं मोठ्या प्रेमानं मान डोलावली. "मी बी असाच घेतला न्हाय काय? तू आधी ओरडलास, की मानसाला धीर येतो बग!"

आत कमळ माझा सदरा आणि पंचा पिशवीत भरू लागली होती. सोड्याची पुडी मी तिच्या हातातून काढून घेतली. बाकी मात्र काहीच माझ्या हातात राहिलं नव्हतं.